शुगरची तपासणी: दोनदा गरोदरपणात, एकदा बाळंतपणानंतर

शेवटची पाळी १ जानेवारीला आली होती असं धरा. त्या बाईचे २४ आठवडे १८ जूनला भरतात आणि २८ आठवडे १६ जुलैला. गरोदरपणातल्या शुगरची जी तपासणी सगळ्यात जास्त उपयोगाची, ती या दोन तारखांच्या मधे व्हायला हवी. या चार आठवड्यांत भंडारा जिल्ह्यात काय चालू असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पऱ्हे टाकून झालेले असतात, बांध्यांत पाणी साचलं की रोवणी सुरू होते, आणि मग मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत घरात बसायला कोणाला सवड नसते. सासू वावरात, नवरा वावरात, पुष्कळदा आशाताईसुद्धा स्वतःच्या वावरात. त्यात पहिलं बाळंतपण असेल तर सातव्या महिन्यात माहेरी न्यायची बोलणी याच सुमारास सुरू होतात. सासरच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला वाटतं, बाई माहेरी गेली, तिकडे होईल. माहेरच्या सिस्टरला वाटतं, तपासण्या सासरी झाल्या असतील. बाई आपली दोन्हीकडे विचारते, ‘झालं ना माझं सगळं?’, आणि दोन्हीकडून उत्तर येतं, ‘झालं असंल.’

ही तपासणी अवघड नाही, फारशी दुखत नाही, आणि सरकारी दवाखान्यात तिला पैसे पडत नाहीत. ती राहून जाते ती तारखेपायी. म्हणून हा लेख पुढे वाचण्याआधी कॅलेंडर काढा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून १६८ दिवस मोजा आणि ती तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर पेनानं लिहा. त्यापुढचे चार आठवडे तुमचे. रोवणी असो, दिवाळी असो की धानाची कापणी, त्यातला एक दिवस या कामाला ठेवायचा.

साखर वाढते कशामुळे, हे थोडक्यात समजून घेतलं की दुसऱ्यांदा तपासायचं कारण आपोआप कळतं. बाळाला पोसणारी वार काही संप्रेरकं तयार करते आणि त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी पडू लागतो. निसर्गाची ही सोयच म्हणायची. आईच्या रक्तात साखर थोडी जास्त वेळ राहिली, तर ती बाळापर्यंत नीट पोचते. बहुतेक जणींचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून हे निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. वार वाढत जाते तसा हा ताणही वाढत जातो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात अगदी व्यवस्थित आलेली शुगर सहाव्या महिन्यात वाढलेली निघू शकते. ‘पहिली नॉर्मल आली होती’ हे दुसरी तपासणी सोडण्याचं कारण होऊ शकत नाही.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं शरीर स्वतःच जास्तीचं इन्सुलिन बनवतं, अंगावर चरबी चढते, विशेषतः खांद्यांवर, आणि प्रसूतीत खांदा अडकण्याची भीती राहते. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन लगेच थांबत नाही. म्हणून पहिल्या काही तासांत अशा बाळाची साखर खाली जाऊ शकते. आईच्या बाजूनं रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. यातलं पोटात बाळ असताना बाईला काही म्हणता काही जाणवत नाही. तहान, थकवा, सारखी लघवी हे तर गरोदरपणात सगळ्यांनाच होतं. त्रास नाही म्हणून शुगर नाही, हा हिशोब इथे चुकतो.

‘मी तर काडीसारखी, मला कुठली शुगर’

हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. शुगर हा जाड, पैसेवाल्या, शहरातल्या बायकांचा रोग, अशी समजूत गावोगावी आहे. तिला सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच राज्यातून आलेलं आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ती पाऊण किलोहून हलकी होती. पण अंगावरची चरबी मोजली तर तिच्यात तेवढी तूट नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, आतून चरबीचं शरीर. २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटोच छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगकाठीवरून शुगरचा अंदाज बांधू नये, हे पटवायला मला तरी या फोटोइतकं नेमकं काही सापडलेलं नाही.

म्हणूनच आपल्या देशात ‘जाड असेल तर तपासा, आईवडिलांना शुगर असेल तर तपासा’ असा निवडीचा नियम ठेवलेला नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये आल्या, २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी सांगितली आहे. भारतात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण शेकडा १० ते १४ धरलं जातं. पहिली तपासणी नाव नोंदवायला जाल त्याच भेटीत, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, आणि दोन्हींत किमान चार आठवड्यांचं अंतर. पहिल्यांदाच दवाखान्यात गेलात आणि तोवर २८ आठवडे उलटून गेले असतील, तर एकच करतात. पण करतात.

तपासणीच्या दिवशी

सरकारी पद्धतीत उपाशी जायची गरज नाही. हे ठळक सांगायला हवं, कारण ‘शुगर तपासायची’ म्हटलं की पोटुशी बाई सकाळी चहासुद्धा न घेता एसटीत बसते आणि दवाखान्यात चक्कर येऊन पडते. डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या चेन्नईतल्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली ही पद्धत, डॉक्टर मंडळी तिला ‘डिप्सी’ म्हणतात. गावाहून आलेल्या बाईला परत दुसऱ्या दिवशी उपाशी बोलवावं लागू नये, एका फेरीत काम व्हावं, हाच तिचा हेतू.

७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवतात आणि प्यायला देतात. घरातलं मोठं फुलपात्रभर म्हणा. पाकिटावर कधी ८२.५ ग्रॅम लिहिलेलं दिसेल. ते चुकीचं नाही. त्या पावडरीत थोडं पाणी बांधलेलं असतं, त्यातून शुद्ध ग्लुकोज ७५ ग्रॅमच मिळतं. दुकानातून आणलेली संत्र्याच्या चवीची पावडर चमच्यानं अंदाजे घालून मात्र ही तपासणी होत नाही. केंद्रात पाकीट संपलेलं असेल तर कुठलं आणि किती ग्रॅमचं आणायचं ते सिस्टरकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

चव अतिशय गोड, जीभ चिकट करणारी. पाच-दहा मिनिटांत संपवायचं. घटाघटा एका दमात ओतलंत तर मळमळतं, आणि तासभर घोट घोट घेत बसलात तर आकडा विश्वासाचा राहत नाही. दोन्हींच्या मधलं धोरण ठेवा. काही ठिकाणी लिंबू पिळू देतात, विचारून घ्या. प्यायल्याची वेळ कार्डावर किंवा हातावर लिहून ठेवायला सांगा, कारण गर्दीत सिस्टरला तुमचा दोन तासांचा हिशोब लक्षात राहीलच असं नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशीची तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर तपासणी चालू राहते. उलटी झाली हे लाजून लपवू नका.

मग दोन तास बसायचं. यात लोक सगळ्यात जास्त चुका करतात, आणि त्या कंटाळ्यानं होतात. बाजाराचा दिवस असतो म्हणून बाई बांगड्या बघून येते. कोणीतरी चहा आणून देतं, सोबतची वहिनी पिशवीतला चिवडा पुढे करते. खाणं नाही, चहा नाही, उन्हात चालणं नाही. पाण्याचे दोन घोट चालतील. खर्रा, तंबाखू, नस यांतलं काही तोंडात धरायचं नाही. खरं तर नऊ महिने नाही, पण निदान या दोन तासांत नाहीच. बसायला सावली आणि टेकायला भिंत बघा, सोबत एक माणूस ठेवा, आणि डब्यात पोळी-भाजी न्या. रक्त दिलं की लगेच खाता येतं.

दोन तासांनी एकदाच रक्त. मोठ्या रुग्णालयात हाताच्या शिरेतून, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर. आकडा तिथल्या तिथे कळतो. १४० किंवा त्याच्या वर असेल तर गरोदरपणातली शुगर. १४० च्या खाली असेल तर त्या वेळेपुरती नाही.

खासगी दवाखान्यात किंवा नागपूरला दाखवत असाल तर दुसरी पद्धत भेटेल. रात्रभर उपाशी, सकाळी एक रक्त, मग तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज, मग एका तासानं आणि दोन तासांनी रक्त. इथे मर्यादा वेगळ्या आहेत: उपाशीपोटी ९२, एका तासानं १८०, दोन तासांनी १५३. यांतला एकही आकडा मर्यादेला पोचला किंवा ओलांडला तरी शुगर धरतात. काही डॉक्टर आधी ५० ग्रॅमची चाळणी लावतात आणि त्यात वाढलेली आली तरच मोठी तपासणी करतात. कुठली चांगली यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात रुग्णानं पडायचं कारण नाही. तुम्हाला विचारायचा प्रश्न एकच: ‘उपाशी यायचं की जेवून?’ आणि एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मापानं मोजायचा नाही. शेजारणीचा १४८ आणि तुमचा १४८ यांचा अर्थ वेगळा असू शकतो.

छापील रिपोर्टची आणखी एक खोच आहे. लॅबच्या कागदावर आकड्याशेजारी जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते, ती पुष्कळदा गरोदर नसलेल्या प्रौढ माणसाची असते. उपाशीपोटी ९६ आलेल्या बाईला तो कागद ‘नॉर्मल’ म्हणतो, आणि गरोदरपणाच्या मापानं ती मर्यादेच्या वर असते. कागदावर लाल खूण नाही म्हणून तो तसाच कपाटात ठेवू नका, डॉक्टरांपर्यंत पोचवा.

सीमेवरचे आकडे लोकांना फार छळतात. १३८ आले तर सुटलो आणि १४१ आले तर मेलो, असं होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ नावाच्या अभ्यासात ९ देशांतल्या १५ केंद्रांवर सुमारे २५ हजार गरोदर बायकांची शुगर आणि बाळंतपणं तपासली गेली. साखर जशी चढते तसा धोका हळूहळू चढतो, अमुक आकड्यावर एकदम कडेलोट होत नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं. उपचार कधी सुरू करायचे यासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून ती ओढलेली आहे. १३८ वालीनंही चहातली साखर कमी करावी, १४१ वालीनंही रात्री झोपावं.

आता, या तपासणीच्या जागी ज्या गोष्टी खपवल्या जातात त्यांच्याबद्दल. लघवीत पट्टी बुडवून ‘साखर नाही’ सांगतात, ते पुरेसं नाही. गरोदरपणात मूत्रपिंडाची गाळणीच बदललेली असते, त्यामुळे रक्तात साखर वाढलेली नसताना लघवीत दिसते आणि कधी याच्या उलटही होतं. वाटेल तेव्हा घेतलेली रँडम शुगर हीसुद्धा ती तपासणी नव्हे. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी. आपल्या जिल्ह्यात तिच्याबाबत जास्तच सावध राहायला हवं. भंडारा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो, आणि गरोदर बायकांत रक्त कमी असणं तर घरोघरी. सिकलसेल असेल किंवा रक्तक्षय असेल तर तांबड्या पेशींचं आयुष्य बदलतं आणि हा आकडा फसवा येतो. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही याच खेपेला करून घ्या, आणि झाली असेल तर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

कुठे जायचं? नोंदणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे सोय नसेल तर ग्रामीण रुग्णालय, तुमसर आणि साकोलीची उपजिल्हा रुग्णालयं, किंवा भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापुढच्या बायकांना डॉक्टर तपासतात. तुमच्या चार आठवड्यांत बहुधा एखादी ९ तारीख येतेच, ती पकडा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. गरोदर बाईला ने-आण करायला १०२, तातडीला १०८. आदल्या दिवशी आशाताईला फोन करून ‘ग्लुकोजचं पाकीट आहे का, मशीनच्या पट्ट्या आहेत का’ एवढं विचारलं तर एक मजुरी आणि एक तिकीट वाचतं.

शुगर निघाली तर

पहिले दोन आठवडे सहसा औषध देत नाहीत. जेवण नीट करायचं, रोज अर्धा तास चालायचं आणि मग जेवणानंतर दोन तासांची शुगर बघायची. ती १२० च्या खाली आली तर तेच पुढे चालू ठेवायचं, तपासणी २८ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि नंतर दर आठवड्याला. १२० किंवा वर राहिली तर गोळी किंवा इन्सुलिन, ते डॉक्टर ठरवतात. पहिल्याच तपासणीत आकडा २०० च्या पुढे असेल तर थांबत नाहीत, उपचार लगेच सुरू होतात.

जेवणाबद्दल बोलताना शहरातली पत्रकं ‘भात बंद करा, ज्वारी-बाजरी खा’ असं सांगून मोकळी होतात. धानाच्या जिल्ह्यात हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. वर्षाचा तांदूळ घरात भरलेला असताना सूनबाईसाठी वेगळी बाजरी कोण आणणार? भात खा, पण वाटीनं मोजून खा. एका बैठकीत ताटभर आणि वरून पेज, असं नको. ताटात आधी भाजी आणि घट्ट वरण घ्या, अंडं किंवा तलावातली मासळी असेल तर उत्तम, आणि भात त्यांच्या सोबतीला. दिवसाचं खाणं तीन जेवणं आणि मधे तीन छोट्या खाण्यांत वाटून घ्या. मुठीभर फुटाणे, ताक, शेंगदाणे, एखादा पेरू. दिवसातून चार वेळा गोड चहा होत असेल तर पहिली कात्री तिथे लावा. गूळही साखरच. ‘गुळाचा चहा चालतो’ हे कोणी सांगितलं असेल तर ते विसरा. साबुदाणा आणि शिंगाड्याचं पीठ उपवासाला चालतं म्हणून शुगरला चालतं असं नाही, आणि शुगर निघालेल्या गरोदर बाईनं उपवासच करू नये. ‘दोन जिवांचं खा’ म्हणत लाडू भरवणाऱ्या सासूबाईंना हे तिनं स्वतः सांगणं अवघड जातं. सिस्टरनं त्यांच्यासमोर सांगितलं तर ऐकलं जातं, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनाच सोबत न्या.

दुसरं टोकही बघायला मिळतं. शुगर निघाल्याच्या धसक्यानं बाई जेवणच सोडते. बाळाचं वजन वाढायच्या दिवसांत उपाशी राहणं शुगरइतकंच वाईट. आणि दिवसभर चिखलात वाकून रोवणी केली म्हणजे व्यायाम झाला, असंही धरू नये. जेवणानंतर सपाट रस्त्यावर सावकाश चालणं वेगळं.

इन्सुलिन सांगितलं की घरात रडारड होते. ‘आता जन्माची सुई लागली.’ तसं नाही. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून तर ते गरोदरपणात सुरक्षित मानतात. बाळंतपण झालं, वार पडली की बहुतेक जणींचं ते बंदही होतं. सवय लागण्याचा प्रश्नच नाही. सांभाळायच्या गोष्टी दोन. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्या मिळतात आणि १०० युनिटच्याही. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो. दुकानातून घेताना बाटली आणि सिरिंज एकत्र दाखवून खात्री करा. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसकडे जातो आणि घरात फ्रीज नसेल, तर पाणी झिरपणाऱ्या मातीच्या माठाचा उपयोग होतो. बाटली कोरड्या डबीत बंद करून ती डबी ओल्या मडक्यात, सावलीत ठेवायची. फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. सुई घेतल्यावर थरथर, घाम, अंधारी आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच घ्यायचं आणि मग काही खायचं. चहाची वाट बघत बसायचं नाही.

शुगर आहे म्हणजे सिझर ठरलेलंच, हाही गैरसमज. शुगर आटोक्यात आणि बाळाची वाढ बेताची असेल तर नेहमीसारखं बाळंतपण होतं. मात्र ते घरी किंवा उपकेंद्रात नको. इन्सुलिन चालू असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बाळाची सोय असलेल्या रुग्णालयात, आणि ते कुठलं हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. बाळ झाल्यावर तासाभरानं त्याच्या टाचेला टोचून साखर बघतात, मग दर चार तासांनी, आकडे सलग चार वेळा ठीक येईपर्यंत. एवढ्याशा टाचेतून रक्त काढताना आजी हमखास चिडतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की ही काळजी आहे, छळ नाही. बाळाची साखर सावरायला पहिल्या तासात अंगावर पाजणं हा सगळ्यात सोपा उपाय. चीक टाकून द्यायचा नाही, मध-घुटी चाटवायची नाही.

तिसरी तपासणी

हिच्याकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. बाळंतपणानंतर शुगर खाली येते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण ज्या बाईला गरोदरपणात शुगर निघाली, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सात ते दहा पट असते. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी. ही मात्र उपाशीपोटीची. आधी एक रक्त, मग ग्लुकोज, मग दोन तासांनी दुसरं. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० गाठले तर मधुमेह. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ असेल तर तो उंबरठ्यावर आहे असं समजा.

या वेळी बाई माहेरी असते, रात्रभर जागरण, बाळ मांडीवर. स्वतःच्या तपासणीसाठी दवाखान्यात जाण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. पण बाळाची दीड महिन्याची लस नेमकी याच सुमाराला असते, आणि ती कोणी चुकवत नाही. तोच दिवस धरा. आदल्या रात्री जेवून सकाळी काही न खाता जा, पहिलं रक्त देऊन ग्लुकोज घ्या. त्या दोन तासांत बाळाची लस होते आणि लसीनंतर अर्धा तास थांबायला सांगतात तेही होऊन जातं. बाळाला पाजायला हरकत नाही. त्यासाठी लसीच्या तारखेआधी माहेरच्या सिस्टरला कार्डावरचा गरोदरपणातला आकडा दाखवून ठेवा, म्हणजे ती त्या दिवशी पाकीट तयार ठेवेल. डिंकाचे लाडू त्या सकाळी नकोत, एवढं आईला सांगा.

ही तपासणी चांगली आली तरी पुढे वर्षातून एकदा शुगर बघत राहायची. बाळाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात केली तर तारीख विसरत नाही. आणि पुन्हा दिवस राहिले तर पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवा, मागच्या खेपेचं कार्ड सोबत न्या आणि सिस्टरनं विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा, ‘मागच्या बाळाच्या वेळी मला शुगर निघाली होती.’